सुशीलाक्कांची गिरणी

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण—कारण हा राग आता गिळवत नाही. कुणावरचा राग, ते कळेलच.

राजाजीनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुशीलाक्कांची पिठाची गिरणी होती. अक्का आमच्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या मराठी. नवऱ्यामागे गिरणी त्यांनी एकटीने चालवली. सकाळभर तिथे रागी, म्हणजे नाचणी, दळली जायची.

मी विजेचा इंजिनिअर. व्होल्टेज खाली-वर झालं तर का झालं, ते शोधायचं—बेळ्ळंदूरच्या ऑफिसात माझं काम हेच. त्या उन्हाळ्यात मात्र मी घरूनच काम करत होतो आणि प्रत्येक मीटिंगमध्ये ती घरघर. मागे काय चाललंय, असं लोक विचारायचे. मला लाज वाटायची. पिठाच्या गिरणीची लाज—काय म्हणावं अशा माणसाला?

मग गल्लीतले दिवे फडफडायला लागले. पंखे मंदावायचे, फ्रिज कण्हायचे. तक्रारी केल्या, पण वीज ऑफिसातून कुणी फिरकेना. मग काय, सगळ्यांनी गिरणीकडे बोट दाखवलं. खरं कारण हवं होतं कुणाला? हाताशी असलेलं कुणीतरी हवं होतं. शेवटी मंडळी माझ्याकडे आली. तूच बघ, म्हणाली.

मी मीटर लावला. आणि मला कळलं. आमच्याकडे दिवे मंद व्हायचे, नेमके तेव्हाच समोरच्या घरातले डोळे दिपतील इतके उजळायचे. मोठी मोटर सुरू झाली तर दिवे क्षणभर मंद होतात, कुणाचे उजळत नाहीत. एकाचं व्होल्टेज पडतं आणि शेजाऱ्याचं चढतं, ते खांबावरची न्यूट्रल तार सैल झाली की. हे मी ऑफिसात नव्या लोकांना शिकवतो—धोक्याचं आहे, ताबडतोब कळवा, म्हणून.

मी काय सांगितलं? गिरणीची मोटर.

तेही अक्कांच्या दारात, सगळ्यांसमोर. त्यांनी वाद घातला नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, अण्णा. तू म्हणतोस म्हणजे सरीच, बरोबरच असेल."

थोड्याच दिवसांत गिरणी बंद झाली, यंत्र भंगारात गेलं. माझ्या मीटिंगा शांतपणे होऊ लागल्या.

दिवे फडफडतच होते. आता कुणामुळे—असं एकाने तरी विचारावं? एकानेही नाही! ज्यांनी अक्कांना बोल लावले, ते खुशाल गप्प बसले. अजून संताप येतो. पण त्यांना निदान माहीत नव्हतं. मला होतं. एक फोन करायचा होता, नेमकं काय बिघडलंय ते सांगायचं होतं. तो केला असता तर—तर मग गिरणी का बंद पाडली, हेही सांगावं लागलं असतं ना?

पावसाळ्यात ती तार तुटली. निम्म्या गल्लीतले टीव्ही, फ्रिज जळाले. मागच्या घरात स्विचबोर्डने पेट घेतला. तो विझवताना तिथल्या आजोबांचे दोन्ही हात भाजले. लाइनमनने खांबावर नवी तार जोडली आणि दिवे त्यानंतर कधीच फडफडले नाहीत.

आजोबांना रिक्षात बसवताना सगळी गल्ली रस्त्यावर जमली होती. अक्का माझ्या शेजारीच उभ्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, "बरं झालं, मी गिरणी आधीच बंद केली. नाहीतर हेही पाप माझ्याच माथी आलं असतं."

मी म्हणालो, "हो, अक्का."