भिंतीवर रंगवलेला पत्ता

माझी पहिली वेबसाइट पळसदरीच्या एका काकूंची. धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. भातशेती होतीच, मागे तीन खोल्या बांधून त्यांनी शनिवार-रविवारचे पाहुणे घ्यायला सुरुवात केली होती. मी नोकरी सोडून वेबसाइट बनवायच्या कामासाठी कर्जतच्या बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानाच्या वर एक खोली घेतली होती. वेबसाइटचं नाव नोंदवताना फोन नंबर मागितला, तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचाच टाका गं ताई. मला ते मेसेज नाय कळत."

मी टाकला. ईमेलही माझाच. पुढे खालापूरचं मंगल कार्यालय आलं, खोपोलीचा एक कारखानदार आला, दोन डॉक्टर आले. त्यांच्या नोंदी मी ज्याच्या त्याच्या नंबरवर केल्या. काकूंची तशीच राहिली.

तो जुना नंबर घरात रेंज पकडेना म्हणून मी बंद पडू दिला. लॅपटॉपवर ईमेल कायम उघडाच असायचा, त्यामुळे काही अडलं नाही. गेल्या नोव्हेंबरात लॅपटॉपच गेला. नव्यावर ईमेलचा पासवर्ड टाकला, तर ओटीपी गेला त्या बंद नंबरवर. काकूंच्या वेबसाइटच्या नावाची वर्षाची मुदत संपायला नऊ दिवस होते. मुदत वाढवायची तर खात्यात शिरायला हवं, आणि शिरायला तो ओटीपी हवा. नोंदणी करणाऱ्या कंपनीला फोन लावला. उत्तर मिळालं, त्याच ईमेलवरून अर्ज पाठवा.

शेवटी मी माझाच जुना नंबर फिरवला. जालन्याकडच्या एका बाईंनी उचलला. नंबर आता त्यांचा होता. मी सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "आता एक मेसेज येईल. त्यातले आकडे तेवढे वाचून दाखवा."

"आला. पण यात लिहिलंय, कुणाला सांगू नका."

"हो, पण तो माझ्यासाठी आहे."

"मग माझ्या फोनवर कसा आला?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "बाई, बोलता लई गोड तुम्ही. आमच्या बचत गटात मॅडम आल्या होत्या, त्यांनी हेच सांगितलं. गोड बोलतील, घाई करतील, आकडा द्यायचा नाही."

कशेळ्याच्या बचत गटात मी हेच शिकवते, जवळपास याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला बोलायला लावलं. "आता माणूस बदलला का?" म्हणून त्या हसल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर आमच्या दोघांच्याही नंबरवरून त्यांना फोन लागेनासा झाला.

पळसदरीला जाऊन सांगणं भाग होतं. काकू पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकत होत्या.

"नाव जाणार म्हंजे? आमचंच नाव हाय ते." मला हाताला धरून त्यांनी कुंपणाच्या भिंतीशी नेलं. वेबसाइटचा पत्ता निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरांत. "ही भिंत कुणाची?"

"तुमचीच."

"मग?"

नाव दर वर्षी पुन्हा घ्यावं लागतं, ते माझ्या खात्यात आहे आणि मला त्यात शिरता येत नाही, हे मी सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं.

"नाताळची माणसं त्याच्यावरनंच येतात ना?"

"हो."

"मग करा की कायतरी. तुमालाच येतं ते."

दहाव्या दिवशी त्या नावावर कोरं पान आलं. मी नव्या नावाने वेबसाइट करून दिली, या वेळी काकूंच्या नंबरवर. जुनी माणसं जुनंच नाव टाकत राहिली. नाताळात तीनपैकी एक खोली भरली.

"भिंत पुसू का, ताई?" काकूंनी फोनवर विचारलं.

जुनं नाव कधी तरी मोकळं होईल, तेव्हा परत घेता येईल. दुसऱ्या कुणी आधी घेतलं नाही तर. मी म्हटलं, "एवढ्यात नका पुसू."

"म्हंजे कधी?"

मला माहीत नव्हतं. परवा तिकडून गेले. गाद्या आता भिंतीवर वाळत घातलेल्या होत्या, अक्षरांवरून.