पाठीवर उसवलेला कोट

बाबांच्या फोटोच्या दुकानात खुंटीला एक काळा कोट असायचा. नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आलेला माणूस तो चढवायचा. कोट पाठीवर मधोमध उसवलेला होता आणि तिथं दोन नाड्या शिवल्या होत्या. त्यामुळे काडीपैलवान असो की ढेरपोट्या, तो सगळ्यांना नेमका बसायचा. समोरून बघणाऱ्याला शंका यायचं कारण नव्हतं. नाड्या आई बांधायची.

आईचं दुकानातलं दुसरं काम म्हणजे स्टुलावर बसणं. नवा दिवा आला, कॅमेरा दुरुस्त होऊन आला, की बाबा म्हणायचे, "जरा बस गं." दोन-तीन फोटो काढून उजेड बघायचे आणि लगेच पुसून टाकायचे. बावीस वर्षांत आईचे हजारभर फोटो निघाले असतील. ठेवलेला एकही नव्हता. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आईचीही नव्हती.

अशा घरातली मुलगी डिझाइन शिकायला गेली, तेव्हा फोटोग्राफीचा विषय आपल्या हातचा मळ आहे असं तिनं सगळ्यांना सांगितलं. नेमकी त्याच विषयात नापास झाली. तिच्या प्रत्येक फोटोत हनुवटी सरळ, दोन्ही कान हजर, चेहऱ्यावर सावलीचं नाव नाही.

"छान आहेत," मॅडम म्हणाल्या. "व्हिसा मिळून जाईल."

फेरपरीक्षेला एकच फोटो द्यायचा होता. कपडाही लक्षात राहिला पाहिजे आणि तो घालणारा माणूसही. नाही जमलं तर अख्खं वर्ष पुन्हा. वर्गातल्या मुली ओठ पुढे काढल्याशिवाय कॅमेऱ्यासमोर उभ्याच राहत नव्हत्या, म्हणून तिनं आईला विचारलं, "शनिवारी कॉलेजच्या स्टुडिओत येशील? दिवे लावून बघायचेत."

"येते की," आई म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय, असा तिचा चेहरा.

शनिवारी आई पिशवीतून कोट घेऊन आली. त्याला इस्त्री केलेली होती.

"हा कशाला?"

"असू दे. काळ्यावर उजेड कसा पडतो ते कळतं." आईनं कोट चढवला आणि पडद्यासमोर उभी राहिली. "एकाच बाजूला दिवा? दुसरा बिघडलाय का?"

"एकच लावायचाय."

"एवढी फी घेतात आणि एकच दिवा."

मुलगी दिवा मागेपुढे करत, चाचणीचे फोटो काढत होती. आईचं बोलणं चालूच. बाबांनी भाजी आणली असेल तर ती नक्की भेंडीच असेल आणि निबर असेल, वगैरे. बोलता बोलता तिनं एक हात पाठीमागे नेला, नाडी सापडेना म्हणून अर्धवट वळली आणि मान फिरवून म्हणाली, "तुझी मॉडेल कुठं राहिली गं?"

"तूच तर आहेस."

"मी?" आईनं कॅमेऱ्याकडे बघितलं. "मला वाटलं, मी नेहमीसारखी उजेडापुरती."

मग ती स्टुलावर जाऊन बसली. केस दोन्ही कानांमागे सारले, हनुवटी सरळ केली आणि पापणी लवणं बंद केलं.

"आई, बोल ना काहीतरी."

"हलेल."

त्यानंतर चाळीस फोटो निघाले. चाळीसही व्हिसाला चालले असते.

मुलीनं मॅडमना दिला तो चाचणीतला फोटो. अर्धा चेहरा सावलीत, कान एकच, प्रश्न विचारताना उघडलेलं तोंड. पाठीवर उसवलेला कोट, त्यातून दिसणारा फुलाफुलांचा ब्लाउज आणि नाडी शोधणारी बोटं.

मॅडमनी तो बराच वेळ बघितला. "कपडा अंगावर बसावा म्हणून आपण मागून चिमटे लावतो. ते फोटोत दाखवायचे नसतात."

"हो, मॅडम."

"पास."

संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर बाबांनी चष्मा लावून फोटो बघितला. "मायलेकींनी मिळून धंद्याचं गुपित चव्हाट्यावर आणलंत. एक गाल काळा. एक कान गायब. तोंड उघडं." आणि बावीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं बोट फोटो पुसायच्या बटणाकडे गेलं.

आई एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर नाड्या बांधत होती.

"अहो," ती मान वर न करता म्हणाली, "हात काढा तिथून."

गिऱ्हाइकानं दचकून कोटाच्या खिशातला हात बाहेर काढला. बाबांनीही काढला.