केळं आणि बाळी

'तुझ्या डोक्यात आहे तरी काय?' हा प्रश्न मला लहानपणी आई विचारायची, पुढे हेडमास्तर विचारू लागले आणि लग्नानंतर ते खातं बायकोकडे गेलं. प्रत्यक्ष उघडून बघितलं ते एकट्या हेल्मेटअण्णांनी. बघून झाल्यावर म्हणाले, "मास्तर, आतनं लई बरं हाय तुमचं. लोक उगंच बोलत्यात."

हेल्मेटअण्णा म्हणजे बेळगावचे मेंदूचे सर्जन. खानापूरकडच्या शेतकरी घरातला उंचनिंच माणूस, आणि बोलणं शेवटपर्यंत गावाकडचं. हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलेलं. रस्त्यात कुणी मोटरसायकलच्या आरशावर हेल्मेट अडकवलेलं दिसलं की अण्णा गाडी थांबवून खाली उतरायचे. "आरशाला थंडी वाजतीया व्हय रं? घाल डोक्यावर. देवापुढं फोडाय नारळ हायत, टकुरं न्हाय." हायवेवर फुटलेली डोकी रात्रंदिवस शिवणाऱ्या माणसाला एवढा राग यायचाच.

शुद्धीवर आलेल्या पेशंटला बाकीचे डॉक्टर वार आणि तारीख विचारतात. अण्णा बायकोचं नाव विचारायचे. बेळगावजवळच्या मच्छे गावच्या कारखान्यातला एक गडी शिडीवरून डोक्यावर पडला होता. त्यानं डोळे उघडल्यावर अण्णांनी प्रश्न टाकला. गडी लाजला आणि पुटपुटला, "साधं सांगू, का उखाण्यात?" अण्णा नर्सला म्हणाले, "घरच्यास्नी सांगा, पोरगं ठणठणीत हाय." वॉर्डातल्या इतर पेशंटांनी मग उखाणा घेतल्याशिवाय त्याला सोडला नाही.

मी निपाणीच्या मराठी शाळेत शिकवतो. आमचं जैनांचं घर चिकोडीजवळच्या खेड्यात आणि घरात बोली सगळी कानडी. आईचं मराठी 'या, बसा, जेवा' इथंच संपतं. एक दिवस वर्गात मला 'खडू' हा शब्दच सापडेना. हातात खडू, आणि तोंडातून नुसतं 'ते... ते...'. मुलं हसली, मीही हसलो, पण आठवडाभरात असे बरेच शब्द हरवले आणि हसू पळालं. फोटोत डोक्यात गाठ दिसली.

"गाठ गरीब हाय," अण्णा म्हणाले, "पर बसलीया बोलण्याच्या जागेच्या मांडीला मांडी लावून."

मी घाबरत विचारलं, "एकच भाषा वाचणार असेल तर कुठली वाचवाल? मराठीवर माझं पोट आहे आणि आईला कानडीशिवाय येत नाही."

"माझ्या खोलीत सीमाप्रश्न आणू नका, मास्तर. सरकारास्नी सुटंना, मला काय सुटतोय? दोन्ही राखाय बघतो. शब्द मात्र देत न्हाय."

ऑपरेशन मला जागं ठेवून होणार होतं. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे कातडी बधिर केली की भागतं. अण्णांनी मला समजावलं, "गाठीच्या कडंला मी हलका करंट लावत जाणार, तुम्ही चित्रं बघून नावं सांगत ऱ्हायचं. जिथं अडकशीला ती जागा मी सोडणार. तेवढं बायकोला आत आणू नका. त्या बोलाय लागल्या की तुम्ही गप्प, आणि घाबरायचं मी!"

चित्रं दाखवायला पुण्याहून नवीन आलेली तरुण डॉक्टरीण होती. घर, छत्री, घोडा, सगळं सुरळीत चाललं होतं. तिनं केळ्याचं चित्र धरलं आणि मी म्हणालो, "बाळी."

"सर, थांबा! चुकले! केळ्याला बाळी म्हणतायत!"

मागे अण्णांचा हात थांबला. मला चूक कळेना. मग मागून हसू ऐकू आलं. "अगं, कानडीत केळ्याला बाळीच म्हणत्यात. मास्तर पास, तू नापास. आता दोन्ही भाषेत विचार."

पुढे एका ठिकाणी गाईचं चित्र आलं. 'गाय' म्हणालो, पण कानडी शब्द काही केल्या येईना. आमच्या गोठ्यात रोज ऐकलेला शब्द! अण्णांनी करंट काढला आणि 'आकळ' आपोआप बाहेर पडला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा जीभ अडली. मग अण्णा म्हणाले, "हितं थोडी गाठ ऱ्हाऊ दे. एवढी जागा तुमच्या आईची हाय."

दुसऱ्या दिवशी आई काचेबाहेर पदर तोंडाला लावून उभी होती. तिला आत सोडल्यावर मी विचारलं, "अव्वा, ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढंच. ती रडत रडत मला ओरडायला लागली, की डोकं फोडून घेतलंस तू आणि जेवण विचारतोस माझं!

गाठीचा तुकडा शिल्लक ठेवल्यामुळे दरवर्षी तपासणी असायची. फोटो बघून झाला की अण्णा आपल्या डब्यातलं केळं वर धरायचे.

"हे काय?"

"केळं."

"आणि?"

"बाळी."

"दोन्ही हायत. जावा आता," असं म्हणून ते केळं सोलायला लागायचे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. यंदा त्यांच्या खुर्चीत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं फोटो नीट पाहिला, मला वार आणि तारीख विचारली आणि सगळं छान आहे म्हणाला. मी उठलो, पण पाय निघेना. पिशवीतून केळं काढून त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे काय, असं विचारा मला."

तो गोंधळला, पण त्यानं विचारलं, "हे काय?"

"केळं," मी म्हणालो. पुढचा शब्द ओठावर होता आणि फुटेना. डॉक्टर घाईनं उठला, त्यानं माझ्या डोळ्यांवर बॅटरी मारली, "दुसरं काही बोलून दाखवा" म्हणाला.

"डोक्यात काय झालेलं न्हाय हो," सोबत आलेली बायको डोळे पुसत म्हणाली. "केळं म्हटलं की अण्णा 'आणि?' म्हणायचे. हे त्याची वाट बघत्यात."