फौजदाराच्या घरची बेडी

आमच्या घरी खंडेनवमीला पाटावर दोन वस्तू मांडतात. एक पणजोबांची तलवार, जी कधी कुणाला लागली नाही, आणि दुसरी लोखंडी हातबेडी. दोघींना गोडेतेलाचा हात, दोघींना झेंडू, दोघींना हळदकुंकू. बेडीला हळदकुंकू वाहणारं दुसरं घर बडोद्यात असेल तर मला कळवा, मी प्रसादाला येईन.

पणजोबा बडोदा संस्थानच्या पोलिसात फौजदार होते, ओखामंडळाकडच्या एका बंदरावर. बंदर संस्थानचं, पण समुद्रावर हुकूम गोऱ्यांचा. कापूस, खजूर, तूप भरलेली गलबतं वाटेत लुटली जायची. लूट झाली की गोरा साहेब बडोद्याला खरमरीत लिहायचा, बडोद्याहून पणजोबांना त्याहून खरमरीत यायचं, आणि पणजोबा किनाऱ्यावर घोडा दौडवायचे. होय, घोडा. समुद्रातले चोर पकडायला त्यांना होडी मिळाली नव्हती. लुटीचा खजूर गावच्या बाजारातच स्वस्तात विकायला यायचा आणि फौजदारांच्या स्वयंपाकघरातही पोचायचा. हे कुणी चारचौघांत सांगत नसे.

चारचौघांत सांगायची गोष्ट वेगळी होती. पणजोबांनी भरतीच्या पाण्यात घोडा घातला, एका नामचीन चाच्याला मानगुटीला धरून बाहेर ओढलं, हीच बेडी त्याच्या हातांत घातली, आणि त्याला फाशी झाली. बाबा ही गोष्ट आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. मी त्यांच्यावर ताण. मी तेव्हा फतेगंजातल्या कॉलेजात इतिहास घेऊन बी.ए. करत होते, म्हणजे मला सगळंच माहीत होतं. माझ्या तोंडी चाच्याच्या डोळ्यावर काळी पट्टी यायची. ती मी एका इंग्रजी सिनेमातून उचलली होती. चाच्यांची लूट माझ्यापुढे काहीच नव्हती.

त्या वर्षी खंडेनवमीला दुपारी मला बघायला येणार होते. मुलगा रेल्वेत सिग्नल खात्यात, घर डभोईला, वडील नव्हते, येणार होते तो आणि त्याची आई. आधीच्या स्थळांनी ‘मुलगी फार बोलते’ म्हणून नकार कळवलेला. त्या नकारांचं मला काही वाटलं नव्हतं. पण या मुलाला मी स्टेशनजवळ सायकलवरून जाताना बघून ठेवलं होतं. हा हवा होता.

आता हवा असलेला मुलगा येणार म्हटल्यावर शहाणी मुलगी काय करते? वेणी घालते. मी गोष्टीची तालीम करायला बसले. मुलाने काही विचारलं की चाच्याची गोष्ट सांगायची आणि शेवटी बेडी मनगटात अडकवून दाखवायची, असा बेत. पाटावरची बेडी उचलली, डावं मनगट आत घातलं, आणि ‘हीच ती बेडी!’ म्हणत दाबली. इतकी वर्षं गंजून गप्प पडलेली बेडी सकाळच्या तेलाने तरतरीत झाली होती. खट्कन बसली. किल्ली आमच्या घरात कुणी कधी पाहिलेलीच नव्हती.

आईने साबण लावला, तूप लावलं, मी घट्ट मूठ करून ओढत राहिले. मनगट सुजलं.

“हवे शुं? आता काय?” आई म्हणाली. फार घाबरली की आई गुजरातीत जायची. “अहो, कापून टाका ती.”

“पूजेची वस्तू कापायची?” बाबा कडाडले. “चाच्याची बेडी आहे ती!”

“आता पोरीची आहे.”

आईने त्यांना न विचारता शेजारच्या फिटरकाकांकडे कानस मागितली. काका दारात आले, माझा हात पाहिला, हळहळले. “वहिनी, सगळी हत्यारं पूजेत मांडलीत. आज कसा हात लावू? उद्या दसऱ्याला पूजा उचलली की पहिलं काम तुमचं.” बरोबरच होतं. वर्षात एका दिवशी अख्ख्या गल्लीत कुणी कानस उचलणार नव्हतं, आणि मी नेमका तोच निवडला होता. आई म्हणाली, मग पोलीस चौकीवर नेऊ या. बाबा खाली बसले. “फौजदाराची पणती चौकीवर बेडी काढायला जाणार? त्यापेक्षा लग्न राहू दे.”

माझं लग्न, आणि राहू दे!

बाबांची आई, म्हणजे आमची आजी, हे सगळं वाती वळत ऐकत होती.

पाहुणे आले. डाव्या हातावर पदर ओढून मी उजव्या हाताने लीलो चिवडा, म्हणजे आमचा बडोद्याचा ओलसर बटाट्याचा चिवडा, दिला. बेडीचं दुसरं कडं पदराखाली लोंबत होतं. वाकले की खुळखुळायचं. मुलाच्या आईने दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग सरळच म्हणाल्या, “हाताला काय झालंय गं?”

मी पदर बाजूला केला. आईने डोळे मिटले. बाबांना मात्र संधी मिळाली. त्यांनी भरती, घोडा, मानगूट, फाशी, सगळं उभं केलं. मुलगा नीट ऐकत होता. संपल्यावर डभोईच्या गुजराती वळणाने म्हणाला, “काका, एक विचारू? चाच्याला फाशी झाली, तर बेडी तुमच्याकडे कशी राहिली? ती त्याच्याबरोबर तुरुंगात जायला हवी ने?”

मी इतिहासाची विद्यार्थिनी. हा प्रश्न मला जन्मात पडला नव्हता.

“राहिली, कारण तो राहिला नाही,” आजी म्हणाली. वाती तिने बाजूला ठेवल्या. “तुरुंगाच्या वाटेवर निसटला. रिकामी बेडी मामंजींच्या हातात. ती उघडली आणि रागाने किल्ली समुद्रात फेकली त्यांनी. मला सासूबाईंनी सांगितलं होतं.”

“आई!” बाबा ओरडले. “आणि फाशी?”

“फाशी तू दिलीस रे. लहानपणी. मला वाटलं, देऊ दे.” मग माझ्याकडे वळून, “मूठ काय आवळतेस वेडे! हात डोक्यावर धर, सूज उतरू दे. आता अंगठा करंगळीच्या मुळाशी ने, तळहात दुमड. तो असाच सुटला.”

तिने तेल ओतलं आणि बेडी फिरवत फिरवत खाली ओढली. अंगठ्याचं साल गेलं, मी किंचाळले, आणि बेडी तिच्या मांडीवर पडली. बाबांनी ती उचलून तेल पुसलं आणि पाठ करून पाटावर नेऊन ठेवली. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मुलगा उठून त्यांच्याजवळ गेला. “काका, पण होडी नसताना पकडला ना एकदा? ते कसं, सांगा ने.”

“घोड्यावरून,” बाबा पुटपुटले. मग जरा मोठ्याने, “पाणी गुडघ्याएवढं होतं.” आणि पुन्हा सांगू लागले, या खेपेला फाशी वगळून.

मी अंगठा तोंडात घालून उभी होते. फार बोलणारी मुलगी पहिल्यांदाच गप्प होती, आणि त्यातच बहुतेक माझं काम झालं. मुलाच्या आईने आईकडे नारळ मागितला, तांदूळ मागितले आणि मला समोर बसवलं.

“पदर धर,” त्या म्हणाल्या. “दोन्ही हातांनी. मोकळे आहेत तोवर.”