गाडीनं थोडीच पेली?

अन्याय झाला तो माझ्या मामीवर, गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दुपारी पावणेचार वाजता, भर डांबरी रस्त्यावर. हे सगळ्यात आधी लिहून ठेवते. कारण माझ्या मामाबद्दल लिहायला बसलं की लिहिणारा हसतो, वाचणारा हसतो आणि मुद्दा बाजूला राहतो. मी दारूबंदीची पत्रकं लिहिते. मुद्दा बाजूला राहिलेला मला चालत नाही. तर, मामा. अख्ख्या आर्णी तालुक्यात माझ्या मामाइतका निर्धास्त माणूस दुसरा नाही, आणि त्याच्यामुळे जेवढी माणसं जीव मुठीत धरून जगतात तेवढी केळापूरकडच्या वाघामुळेही जगत नसतील.

मामाकडे आता बैल नाहीत. शेवटची जोडी गेली, पेरणी ट्रॅक्टरनं होते. पण पोळा कसा सोडायचा? म्हणून मामा पोळ्याला मोटारसायकल नेतो. आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा दुखतो, तिथं हळद-तूप चोळून पळसाच्या पानानं शेकतात. गाडीला खांदा कुठला? मामानं हँडल धरलं. दोन्ही मुठींना हळद-तूप चोळून त्यानं पेट्रोलच्या टाकीच्या कानाशी (टाकीला कान कुठं असतो ते त्यालाच ठाऊक) आवतन सांगितलं, "उद्या जेवाले ये बरं." दुसऱ्या दिवशी हेडलाइटला बाशिंग, हँडलला कवड्यांची माळ, सीटवर आजीनं आरसे टाकून भरलेली झूल आणि मडगार्डवर गेरूचे पंजे. अशी नटवलेली गाडी बैलांच्या रांगेत, तोरणाखाली. पहिल्या वर्षी तांड्याच्या प्रमुखांनी, नाईकांनी, हटकलं, "अरे, हे काय जनावर आहे?" मामा म्हणाला, "चारा नाई खात म्हनून काय झालं? पेट्रोल तं पेते!" नाईकांनी इंजिन चालू न करण्याच्या अटीवर परवानगी दिली. आता तांड्यातले बैलही तिला बुजत नाहीत; एक गोऱ्हा तर तिच्या आरशात स्वतःला बघत उभा राहतो.

बाकीचे दिवसही मामा गाडी 'लावत' नाही, 'बांधतो'. "जरा निंबाखाली बांधून येतो," म्हणतो. हॉर्न वाजवत नाही, जिभेनं टकटक करतो. ब्रेक दाबायच्या आधी "हो, हो, हो" म्हणतो, आणि कधी कधी नुसतं म्हणतोच, दाबायचं राहून जातं. एकदा तो दुपारच्या वेळी कपाशीच्या तासात गाडीसकट आडवा सापडला. लोक धावले. मामा पडल्यापडल्या म्हणाला, "थकली होती बिचारी. बसली."

मला गाडी त्यानंच शिकवली, एका सबंध उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्यात तो थेंबाला शिवला नव्हता. आमच्या तांड्यातली गाडी चालवणारी पहिली मुलगी मी. तो मागून पळत यायचा, पटका सुटून मातीत लोळायचा, आणि मामा ओरडायचा, "भेऊ नको पोरी, तिले समजते सारं!" मी मात्र भ्याले. भ्याले म्हणूनच नीट शिकले.

"तिले समजते" ही मामाची नुसती बोलायची पद्धत नाही, त्याचा पक्का विश्वास आहे, आणि त्याला कारण आहे. आमची माणसं पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायची. मामाच्या मते वाट बैलाला ठाऊक असायची, माणसानं फक्त सोबत चालायचं. मामाच्या तरुणपणीसुद्धा आठवडी बाजारात मोहाची घेऊन माणूस बंडीत आडवा व्हायचा आणि बैल त्याला बरोबर दारात आणून उभे करायचे. मामा कितीतरी वर्षं असाच घरी आला. मग बैल गेले, गाडी आली. पण बाजारातून परतणाऱ्यांपैकी एक जण शुद्धीवर असायचा, तो आता उरला नाही, हे मामाच्या ध्यानातच आलं नाही. मी हे त्याला पत्रक वाचून दाखवावं तसं अनेकदा सांगितलं. त्याचं उत्तर ठरलेलं: "म्या पेली. गाडीनं थोडीच पेली?" आणि सगळा तांडा हसायचा. मीही हसायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण हसायचे.

करीला मामा सकाळपासून घेत होता. दुपारी त्याला आठवलं की बायकोला माहेरी सोडायचंय. पोळ्याची सजावट तशीच ठेवून त्यानं मामीला मागं बसवलं. मामीच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. आर्णीच्या पुढं, कुठं ते लिहीत नाही, पोलिसांची नाकाबंदी होती. त्यांनी मामापुढं ते फुंकायचं यंत्र धरलं. मामानं दम भरून अशी फूक मारली की यंत्र आधी गप्पच झालं, मग पिपाणीसारखं कोकललं. मामानं विचारलं, "अजून मारू काय?" पोलिसांनी मामाला जीपमध्ये घालून तपासणीला दवाखान्यात नेलं, एका शिपायानं नटलेली गाडी ठाण्याकडं नेली, आणि मामी डबा घेऊन रस्त्यावर उभी राहिली. बाई, तुम्ही आता कशा जाल, असं एकानं विचारलं नाही. एकानंही नाही. ती उन्हात फाट्यापर्यंत चालत आली आणि तिथल्या चहावाल्याच्या फोनवरून तिनं मला कळवलं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणाचं मला जास्त भेव वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी, मामी आणि नुकताच घरी सोडलेला मामा ठाण्यात पोहोचलो. मोर्च्यात घोषणा देताना मी सगळ्यांच्या पुढं असते. त्या दारातून मामीच्या मागून आत गेले. आमच्यासारख्या तांड्यांतल्यांना ठाण्याची भीती कोणी शिकवावी लागत नाही. हवालदारानं पंचनामा पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं: मोटारसायकल एक. बाशिंग एक. कवड्यांची माळ एक. आरशांची झूल एक, वापरलेली. मी दोनदा वाचला. कवड्यांची माळ होती, मामी नव्हती.

"साहेब, या गाडीवर एक बाई होती," मी म्हणाले.

"बाई जप्त नाही केली मॅडम," हवालदार म्हणाला आणि स्वतःच्या विनोदावर हसला.

मी तिथंच मनात पत्रक लिहायला घेतलं. पहिली ओळ वर दिलीच आहे.

ठाण्यामागच्या आवारात गाड्यांचा नुसता ढीग होता. काहींच्या चाकांतून वेल वर चढलेले, एका स्कूटरच्या सीटवर कुत्री व्यालेली. त्यांच्यात मामाची गाडी, बाशिंग एका बाजूला लोंबत. मामाला मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. अटकेला तो भ्याला नव्हता, कोर्टालाही भीत नव्हता. ती उन्हात उभी आहे म्हणून भ्याला. "साहेब, तिले जरा सावलीत बांधा न," त्यानं हात जोडले. हवालदार म्हणाला, "काकाजी, हा मुद्देमाल आहे, म्हैस नाही. कोर्टाचा कागद आणा, घेऊन जा. गाडी कोणाच्या नावावर आहे?"

गाडी मामीच्या नावावर आहे. कारण घेतली त्या दिवशी मामा आनंदाच्या भरात सही करण्याच्या अवस्थेत नव्हता.

म्हणून त्याच दुपारी कोर्टात दोघांनाही उभं राहावं लागलं. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" मामा छाती काढून म्हणाला, "हो साहेब, म्या पेली. पन गाडीले काहून धरलं?" मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी दंड सांगितला, मामाचं लायसन निलंबित केलं, आणि मामीकडं बघून म्हणाले की मालकिणीनं अर्जावर सही केली तर गाडी सोडू. पुन्हा दारू पिणाऱ्याच्या हाती देणार नाही असं लिहून द्यावं लागेल. कारकुनानं पेन पुढं केलं. मामीनं ते घेतलं नाही. "जरा पानी पिऊन येते," म्हणाली आणि माझं मनगट धरून मला व्हरांड्यात घेऊन आली.

"गाडी सुटू नये पोरी," ती म्हणाली. "सडू दे तिथंच. मले लय भेव लागते."

मामी अंगणवाडीत मदतनीस आहे. दुसऱ्या गावाला जाते, एसटी नाही, मामाच सोडतो आणि आणतो. तांड्यात तिची ओळख बडबडी म्हणून. गाडीवर बसली की तिचं तोंड सुरू, असं सगळे म्हणतात. मामाची गाडी येण्याआधी मामीचा आवाज येतो अशी आम्ही थट्टा करतो. त्या व्हरांड्यात मला कळलं की ती काय बोलते. ती मामाला बैलांची नावं विचारते. "अवो, आपल्या लग्नात होती ते जोडी कोनती?" "चांद्या अन् लाल्या." "मंग दुष्काळात विकली ते?" "हौश्या, मोत्या." "मोत्या डाव्या अंगाचा का उजव्या?" असं घर येईपर्यंत. कारण उत्तर येतं तोवर मामा जागा असतो. उत्तर थांबलं की ती त्याच्या पाठीत बुक्की मारते.

"काल पाचव्या जोडीवर ते गप झाले," ती म्हणाली. "म्या बुक्की मारली. गप. दुसरी मारली. तरी गप. गाडी चालूनच राह्यली होती, समोरून ट्रक येऊन राह्यला होता. मंग पोलिसाची शिट्टी वाजली अन् ते जागे झाले. तू पोलिसाइले शिव्या देऊन राह्यली सकाळपासून. मी काय बोलू?"

मनातल्या पत्रकाची पहिली ओळ तशीच राहिली, पण तिच्या खाली लिहिलेलं सगळं मी खोडलं. पावणेचारला मामी रस्त्यावर उभी होती, हा अन्याय खराच, आणि त्याचा जाब मी मागणार आहे. पण त्याआधी ती गाडीवर होती. कितीतरी वर्षं गाडीवर होती, आणि आम्ही सगळे तिला बडबडी म्हणून हसत होतो.

"मग नको करू सही," मी म्हणाले.

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली. "मंग कामावर कशी जाऊ? तू नेशील काय रोज?" मी हो म्हणाले. "मी लिहून देईन ते खरं करशील काय?" मी हो म्हणाले. "मंग चाबी तुह्यापाशी ठेव. ते मागतीन, देऊ नको. मी मागीन, तरी देऊ नको. मले मागाले लावतीन ते."

मामीनं सही केली. ठाण्यात कागद दाखवला, गाडी मिळाली. मामानं बाशिंग काढलं, झूल झटकून घडी करून खांद्यावर टाकली, टाकीवरून हात फिरवला. चावीसाठी हात पुढं केला, तेव्हा मी चावी मुठीत घट्ट धरली. तो माझ्याकडं बघून हसला, त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग हसू हळूहळू विरत गेलं. तो ऑटोच्या थांब्याकडं चालू लागला. मी गाडी चालवली, मामी मागं बसली. आर्णी आली, गेली, तांड्याचा फाटा आला, मामी एक शब्द बोलली नाही. मी घाबरून विचारलं, "मामी, बोलत काहून नाई?" ती म्हणाली, "आज कायले बोलू?"

त्यानंतर मामा रोज सकाळी आमच्या दारात यायचा. दाढी केलेली, पटका स्वच्छ. "दे न माय. आज घेतली नाई. वास घेऊन पाह्य." मी वास घ्यायचे. खरंच नसायचा. शुद्धीतला माझा मामा फार लाघवी माणूस आहे, त्याला नाही म्हणणं म्हणजे काय ते दारूबंदीच्या कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही. मी नाही म्हणायचे. तो चहा प्यायचा, फडक्यानं गाडी पुसायचा, आरसा नीट करायचा आणि पायी निघून जायचा. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी असायचे, आणि रोज वाटायचं की धावत जाऊन द्यावी.

पंधरा दिवसांनी त्यानं यायचं सोडलं. मला बरं वाटलं. मग कळलं की तो दुसऱ्यांकडं गाडी मागतो. आर्णीच्या स्टँडवर, जिनिंगच्या फाटकाशी, ढाणकीच्या बाजारात: "दोन मिनिटं दे न भाऊ, आत्ता आनून देतो." आणि तुम्ही देता. तो हसवतो म्हणून देता. एकानं दिली, ती वाकडं मडगार्ड घेऊन परत आली. ज्या बाईला ती घासून गेली ती सुदैवानं रस्त्याच्या कडेला पडली, रस्त्यात नाही. माझ्या एकटीच्या मुठीत एकच चावी मावते. बाकीच्या तुमच्याकडं आहेत.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या वाटेवर उंच, पांढऱ्या पटक्याचा, हसरा म्हातारा हात करील. गाडी थांबवा. त्याला मागं बसवा, त्याच्या गोष्टी ऐका, दारापर्यंत सोडा. माणूस गोड आहे, तुमचा रस्ता सरेल. उतरताना तो चावी मागेल. देऊ नका. तोंडाला वास आला नाही, तरी देऊ नका.