दंड कमलबाईंचा, आकडा गुरुजींचा

पाथरी तालुक्यातल्या आमच्या गावात दिनकरराव गुरुजी अडतीस वर्षं मास्तर होते आणि या काळात कॉपी करणारं एकही पोरगं त्यांच्या हातून सुटलं नाही. आता पाथरीत दवाखाना चालवणारी डॉक्टर राजेश्री माझ्याच वर्गातली. पाचवीत शेजारणीच्या वहीत डोकावली म्हणून गुरुजींनी तिला अर्धा तास बाकावर उभं केलं होतं. मी खाली बसून मनसोक्त हसलो होतो.

म्हातारपणी गुरुजी त्याच राजेश्रीपुढं दर महिन्याला बाही वर करून बसायला लागले. एक गोळी चालू असूनही बीपी निघायचं एकशे साठ-शंभर. ती म्हणाली, "गुरुजी, काही जणांचं दवाखान्यात घाबरून वाढतं, घरी बरोबर असतं. घरी मोजा, रोज वहीत लिहा. घरीही एवढंच निघालं तर दुसरी गोळी सुरू करू."

दुसरी गोळी म्हटलं की गुरुजींची पाचावर धारण बसायची. त्यांचे थोरले भाऊ व्यंकटराव दुसरी गोळी सुरू झाल्यावर महिन्याभरात गेले होते. गेले ते मोटारसायकलवरून पडून, पण गुरुजींचा राग गोळीवर.

लेकानं पुण्याहून मशीन धाडलं. पहिल्याच सकाळी आकडा आला एकशे बासष्ट. गुरुजींनी मशीनला चार शिव्या हासडल्या आणि भाकऱ्या उरकून टेकलेल्या बायकोला, कमलबाईंना हाक मारली. "इकडं ये. मशीन बरोबर चालायलंय का बघू." पट्टा तिच्या दंडाला बांधला. एकशे अठरा-शहात्तर! एवढा देखणा आकडा वाया घालवणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तो वहीत आपल्या नावाखाली उतरवला.

मग ते रोजचंच झालं.

"रोज माझ्यावरच काय तपासायलाव?" कमलबाई म्हणायच्या.

"मशीनचा भरोसा न्हाई."

राजेश्रीनं वही चाळली आणि साफ फसली. "म्हणजे तुम्ही माझ्या पांढऱ्या कोटाला घाबरता!" ती म्हणाली. दुसरी गोळी टळली आणि गुरुजी मोटार स्टँडवर चिवडा खाऊन ऐटीत घरी आले.

पाच महिने हे बिनबोभाट चाललं. मग एका सकाळी कमलबाईंच्या दंडावर आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर. गुरुजींनी सेल बदलले. दुसऱ्या दिवशी एकशे अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या दिवशीही तेच.

"तुझं डोकं दुखायलंय का?"

"चार दिवस झाले. धुरानं आसंल."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमच्या बीपीत माझ्या डोक्याचं काय सांगायचं?"

गुरुजी ओट्यावर येऊन बसले. जुनाच आकडा लिहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. खरं सांगितलं तर आपल्याच विद्यार्थिनीपुढं चोर ठरायचं. चहा पार निवला. भाड्यानं जीप चालवणारा मी तेवढ्यात समोरून चाललो होतो. "जीप काढ," ते म्हणाले. चप्पल न घालताच ते वही घेऊन ओट्यावरून उतरले आणि मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

दवाखान्यात ते खुर्चीवर बसलेच नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "राजेश्री, वहीतले आकडे माझे न्हाईत. हिचे हायत. मी कॉपी केली."

कमलबाईंनी कपाळावर हात मारला. राजेश्रीनं कोपऱ्यातल्या बाकाकडं एक नजर टाकली. माझ्याही मनात पाचवीतला तोच अर्धा तास आला. तिनं आधी कमलबाईंना तपासलं. बीपी चढलेलंच होतं. मग ती गुरुजींवर उखडली. "तुमचं खरंच वाढलेलं, आणि मी पाच महिने हातावर हात ठेवून बसले! काही झालं असतं म्हणजे?"

"मला दे दुसरी गोळी. तिसरी पण दे," गुरुजी म्हणाले. "हिला काही होणार न्हाई ना?"

"वेळेत आणलंत. याआधी काकूंचं बीपी कधी मोजलंय?"

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्यासाठी म्हणून ते कधीच कुणी मोजलं नव्हतं. मग गुरुजींनी वही पुढं केली. खिशातलं पेन काढून पहिल्या पानावरचं आपलं नाव खोडलं आणि वर वळणदार अक्षरात लिहिलं: सौ. कमलबाई.

"ही माझी झाली," कमलबाई म्हणाल्या. "तुमची कुठंय?"

त्यांनीच राजेश्रीच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, पेन हातात घेतलं आणि म्हणाल्या, "बाही वर करा. आता मी लिहिणार हाय."