काजाला दोन टाके

अपंगांच्या त्या दिवसभराच्या केंद्रात तिला सगळे मावशी म्हणत. चोविशीतली व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणे आणि चाकाच्या खुर्चीतले सत्तर वर्षांचे निवृत्त मास्तरही म्हणत. मास्तरांना ती एकदा म्हणाली होती, "अहो, तुमची मावशी व्हायला मला अजून एक जन्म घ्यावा लागेल." मास्तर म्हणाले, "घ्या, मी थांबतो."

एकोणीस वर्षांपूर्वी ती इथे फरशी पुसायला लागली. एक दिवस मदतनीस आली नाही, म्हणून तिला कुणाला तरी भरवायला बसवलं. तेव्हा हातातली बादली सुटली ती सुटलीच. पुढे भरवणं, न्हाऊ घालणं, गाडीतून उतरवणं, कपडे बदलणं, सगळं तिच्या अंगावर पडत गेलं आणि तिला ते जमतही गेलं. कंबर कधीच गेली होती, गुडघे जायच्या वाटेवर होते. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. नवरा होता तेव्हाही तो वाट बघणाऱ्यांतला नव्हता.

पावणेनऊला केंद्राची गाडी उतरणीपाशी लागे. त्यातून सगळ्यात शेवटी बाईसाहेब उतरत. हे नाव मावशीनेच पाडलेलं. वय एक्केचाळीस, जन्मापासून उजवी बाजू लुळी, बुद्धी कुठेतरी लहानपणीच थांबलेली, पण मिजास मात्र वयाप्रमाणे वाढलेली. बूट काढायचा तर पाय नुसता पुढे करायच्या, खालीसुद्धा बघायच्या नाहीत. स्वेटर घालायच्या वेळी डावा हात ऐटीत पसरायच्या, उजवा मावशीने उचलायचा. बटणं लावून होईपर्यंत छताकडे बघत राहायच्या.

एका थंडीत मावशीची बोटं फार दुखत होती. ती वैतागून म्हणाली, "आज तुम्हीच लावा बटणं, बाईसाहेब. माझा संप आहे." बाईसाहेबांनी मान खाली केली, डाव्या हाताने एक बटण धरलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मावशीचं होतं.

पुढचे चौदा महिने त्यातच गेले. मावशीने त्या तपकिरी स्वेटरची सातही बटणं कापून टाकली आणि कोटाची, बिस्किटाएवढाली बटणं शिवली. काजं कात्रीने मोठी करून कडेने गुंफून घेतली. दुसऱ्याला घालताना आपण वरून लावतो. ज्याने स्वतः लावायची, त्याने खालून सुरुवात करावी, म्हणजे वरखाली होत नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज जेवणानंतर कपड्यांच्या खोलीत, बुटांच्या बाकावर दोघी बसायच्या. लुळ्या कोपराखाली स्वेटरची कड दाबून धरायची, अंगठ्याने बटण ढकलायचं. बाईसाहेबांना पाचपर्यंतच मोजता यायचं. म्हणून एक, दोन, तीन, चार, पाच, मग 'अजून एक', मग 'अजून एक'. बटणं आणि त्यांबरोबर काजंही हळूहळू लहान होत गेली. शेवटी मूळच्या मापाची आली, आणि एका मंगळवारी सातही लागली.

मावशी रडली नाही. बाहेर जाऊन नाक शिंकरून आली, इतकंच.

ही बातमी संपादकाने उचलली. संपादक म्हणजे कार्यालयातला कारकून. गाडीचं वेळापत्रक, फोन आणि दर महिन्याचं चार पानी बातमीपत्र त्याच्याकडे. ते घरोघरी जायचं, देणगीदारांना जायचं आणि कुणाला केंद्राचे किती दिवस द्यायचे ते ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयातही जायचं. त्याने पहिल्या पानावर फोटो छापला. बाईसाहेब हनुवटी वर करून बसलेल्या, शेजारी मावशीचं फक्त कोपर. खाली लिहिलं, 'आता त्या पूर्णपणे स्वावलंबी झाल्या आहेत.'

"पूर्णपणे?" मावशीने विचारलं.

"मावशी, बातमी आहे ही. बातमीत थोडं तूप घालावंच लागतं."

मावशीने ते पान घरी नेऊन कपाटाच्या दारावर चिकटवलं. आयुष्यात तिचं कोपरसुद्धा कधी छापून आलं नव्हतं.

पाच आठवड्यांनी बाईसाहेबांची वहिनी केंद्रात आली. ती बेकरीत पाव बांधायच्या कामावर होती. डोक्यावरची जाळीची टोपी तशीच, हातात पत्र. सासू गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ही नणंद तिच्याकडेच होती. भाऊ मालगाडीवर गार्ड. आठवड्यातून एक दिवस घरी, तोही झोपायला.

"वाचा," ती म्हणाली. "पाच दिवसांचे दोन केलेत. म्हणे स्वतः कपडे घालतात, आता एवढी मदत लागत नाही."

"अहो, पण नुसती बटणं..."

"ते मला नका सांगू. संडासला मी नेते, आंघोळ मी घालते, फिट आली की जीभ चावली जाऊ नये म्हणून मी बघते. त्यांच्या कागदावर यातलं काही नवीन नाही. नवीन तुमचं ते बटण. मदतीच्या गुणांत एकाने घसरलीय." तिने टोपी काढून हातात चुरगळली. "तीन दिवस घरी कोण थांबणार? माझं काम सुटलं तर घर चालत नाही. यांनी त्या लांबच्या वसतिगृहाचा अर्ज आणून ठेवलाय. मला वाईट म्हणायचं तर म्हणा."

ते वसतिगृह मावशीने पाहिलं होतं. चार वर्षांपूर्वी एकाला पोचवायला गेली होती, सहा तासांचा प्रवास. एका दालनात चाळीस खाटा आणि सगळ्यांच्या अंगात एकसारखे झगे, पाठीमागे नाडी बांधायचे. बायका कुठल्या, पुरुष कुठले, लगेच कळत नव्हतं.

"फेरतपासणी मागितलीय," वहिनी म्हणाली. "पंधरा दिवसांनी, इथेच. गाठ तुम्ही मारलीत मावशी, तुम्हीच सोडवा."

मावशीने आधी सरळ मार्ग धरला. संपादकाकडून कार्यालयात फोन लावून घेतला. पलीकडची तपासनीस बाई चांगली निघाली, हेच अवघड झालं. "तुमचं अभिनंदन करायचंच होतं," ती म्हणाली. "मी वाचलं ते. पण जे येतं ते मला येतं असंच लिहावं लागतं ना?"

मग तिने बाईसाहेबांनाच सांगून पाहिलं. "सोमवारी एक पाहुण्या येणार आहेत. त्या स्वेटर घाला म्हणतील. तुम्ही म्हणायचं, मला येत नाही."

"येतं की."

"येतं हो. पण म्हणायचं. मला येत नाही. म्हणा बघू."

बाईसाहेब हसल्या. मावशीला काहीच कळत नाही, असं वाटून त्यांनी स्वेटरची बटणं सोडली आणि पुन्हा सगळी लावून दाखवली. मग आणखी एकदा. रोज हेच. पंधरा दिवसांत त्यांचा हात इतका साफ झाला, की मास्तरांनी एकदा टाळ्या वाजवल्या. मावशी त्यांच्यावर खेकसली. मास्तरांना कारण कळलं नाही.

सोमवारी दुपारी सगळे विश्रांतीला पडले तेव्हा मावशी कपड्यांच्या खोलीत गेली. खुंटीवरून तपकिरी स्वेटर काढला, बाकावर बसली, चष्मा लावला. प्रत्येक काजाला एका बाजूने दोन टाके. दोनच, त्याच रंगाच्या दोऱ्याने. बटण ज्या बेताने आत जाई, तो बेत तिला पाठ होता. अर्ध्या गव्हाएवढी जागा कमी केली की झालं. चौदा महिने ती जे उलगडत आली होती, ते पाऊण तासात बंद झालं. शेवटचा दोरा तिने दाताने तोडला.

तपासनीस बाई तीनला आल्या. वहिनी भिंतीशी उभी, पुन्हा ती जाळीची टोपी हातात. "ताई, स्वेटर घालून दाखवता?" तपासनीस बाईंनी विचारलं. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे मोठ्या कृपेने पाहिलं.

बाही नीट घातली. कड कोपराखाली दाबली. खालचं बटण धरलं. "एक," त्या आधीच म्हणाल्या. बटण गेलं नाही. त्यांनी पुन्हा धरलं. "एक." अंगठा घसरला. त्यांनी अंगठा ओठाला लावून ओला केला, पुन्हा ढकललं. "एक." वरचं बटण करून पाहिलं, तेही नाही. पुन्हा खाली आल्या. "एक." मग त्यांनी लुळा हात दुसऱ्या हाताने उचलून मांडीवरून बाजूला ठेवला, जणू तोच मध्ये येत होता.

"राहू दे, ताई," तपासनीस बाई म्हणाल्या. "दमलात तुम्ही."

बाईसाहेब थांबल्या नाहीत. अकरा मिनिटं झाली, भिंतीवर घड्याळ होतं. शेवटी त्यांनी मान वर केली आणि मावशीकडे पाहिलं. दर वेळी अडलं की बघायच्या तशाच. मावशी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गाडीचा ड्रायव्हर पुसून झालेली काच पुन्हा पुसत होता.

तपासनीस बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं आणि लिहिलं. जाताना हळूच म्हणाल्या, "बातमीपत्रात जरा जपून लिहीत चला."

आठवड्यात पत्र आलं. पाचही दिवस कायम. वहिनीने मावशीचे दोन्ही हात धरले. "उपकार झाले," म्हणाली. मावशीने हात सोडवून घेतले.

टाके तिने तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी उसवले होते. जेवणानंतर दोघी बाकावर बसल्या. "चला बाईसाहेब, एक." बाईसाहेबांनी डावा हात पसरला आणि छताकडे बघू लागल्या. मावशीने त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. बोट तिथेच पडून राहिलं. चार दिवसांनी तिने काजं मोठी करून पुन्हा कोटाची बटणं लावून पाहिली. ती कुणालाही लागली असती. बाईसाहेबांनी पाहिलीही नाहीत.

मग एकदा तिने खरं सांगितलं. दुसरं कुणी नव्हतं तेव्हा. उसवलेल्या दोऱ्याचे तुकडे तिने एप्रनच्या खिशात ठेवले होते, ते तळहातावर घेऊन दाखवले. "हे बघा. मी शिवली होती काजं. तुमचा हात चांगलाय. मी शिवली होती, कळलं का?"

बाईसाहेबांनी दोऱ्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मला येत नाही," त्या म्हणाल्या. मावशीने शिकवलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

घरीही तेच होतं. वहिनीने गाडीच्या दाराशी सांगितलं, "आता घरीसुद्धा हात पसरून उभी राहते. मधे सकाळची चार मिनिटं वाचायची माझी, चहा गरम प्यायला मिळायचा." तक्रार नव्हती ती. मग तिने आणखी एक सांगितलं. चमचाही आता मधेच खाली ठेवते म्हणे, भरवावं लागतं.

महिनाअखेरीला संपादक कपड्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बातमीपत्राची वेळ झाली होती. "बाईसाहेबांचं काही आहे का, मावशी?"

"लिहा, पाच दिवस येतात."

"यात बातमी काय?"

"तेवढंच आहे."

तो गेला. बाहेर गाडी लागली होती, ड्रायव्हर हाका मारत होता. बाईसाहेब उभ्या राहिल्या, हात पसरला. मावशीने उजवा हात उचलून बाहीत घातला, स्वेटर पुढे ओढून घेतला आणि बटणं लावायला लागली. वरून.